झरीची घोडी आणि माझं शहाणं गवत

डहाणूला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या नगरात जो तो एकच विचारतो, "चिकू आणले का?" नाही आणले. पाच दिवसांत मला चिकूचा हलवा, चिकूचं लोणचं, चिकूच्या वाळवलेल्या फोडी आणि चिकू घातलेली कॉफी एवढं सगळं पोटात ढकलावं लागलं. घरी आल्यावर बायकोनं साधा चिकू कापून पुढं ठेवला तेव्हा मी उठून अंगणात गेलो. तेव्हा चिकूसाठी वाचत असाल तर इथंच थांबा. ही हकिगत गवताची आहे आणि एका घोडीची. थोडी माझ्या शहाणपणाचीही आहे, पण ते सांगायला मला जरा वेळ लागेल.

मी चाऱ्याचा माणूस. उभी नोकरी शेतकऱ्यांना वैरणीची पिकं शिकवण्यात गेली. भाषणं ठोकली, पत्रिका छापल्या, गावोगाव नेपियर गवताच्या कांड्या वाटल्या. गाई-म्हशींचं मला विचारा, झोपेतून उठून सांगीन. घोडा मात्र मी जवळून एकदाच बघितला, माझ्या लग्नात, आणि तेव्हाही आमच्या दोघांत जास्त कोण घाबरलं होतं ते अजून ठरलेलं नाही.

माझा मेहुणा शिरीष बोरिवलीला बाथरूमच्या टाइल्स विकतो. पन्नाशी गाठली की पैसेवाल्या माणसाला निसर्गाची उबळ येते, तशी त्याला आली. तलासरी तालुक्यात झरीजवळ रिसॉर्टसाठी आठ एकर जमीन घेतली, त्याचं नाव ठेवलं 'टाप्स अँड टर्फ', आणि सारंगखेड्याच्या बाजारातून एक पांढरी घोडी आणली, चांदणी. तिला काय घालू म्हणून मला फोन. मी पलंगावर पडल्या पडल्या सांगितलं, "नेपियर लाव. डोळे मिटून लाव." त्यानं खरंच डोळे मिटून लावला.

नोटाबंदीच्या आदल्या महिन्यात, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा फोन आला. "दाजी, चांदणी लंगडतेय. तोंडही सुजलंय. डॉक्टर शुक्रवारी येतोय. तो म्हणतो, कारण सापडलं नाही तर इंजेक्शन देऊन सोडवू. मला तर दिवाळीत ओपनिंग करायचंय. लंगडी घोडी पाहुण्यांना दाखवू कशी? तुम्ही या ना बघायला, चारा तर तुमचाच आहे."

शेवटचं वाक्य तो कौतुकानं बोलला होता. मीही ते कौतुकानंच ऐकलं आणि पिशवी भरली.

विवळवेढ्याचा थांबा

नगर ते डहाणू हा प्रवास सांगत नाही. एसटीची सीट सगळ्यांनी भोगलेली आहे. डहाणू रोडला शिरीष घ्यायला आला तो गुडघ्यापर्यंतचे बूट आणि डोक्यावर सिनेमातली रुंद काठाची टोपी घालून. घोडी तिकडं तीन पायांवर आणि हा इकडं असा नटलेला. स्टेशनाबाहेरच्या भाजीवाल्या बायका त्याला बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्याला वाटलं त्या ओळखीनं हसतायत, म्हणून त्यानं हात केला.

हायवेला लागल्यावर विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळापाशी गाडी थांबली. शिरीषनं ओटी भरली, डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. रिसॉर्टच्या सगळ्या खोल्या भरू देत, एवढंच मागत असणार. "दाजी, तुम्हीपण मागा. पावते ती." मी मागितलं की शेजारच्या हॉटेलात डाळीत गूळ नसावा. पावली नाही. हॉटेलवाला शिरीषशी गुजरातीत बोलला, पोऱ्यावर हिंदीत ओरडला आणि मला मराठीत आग्रह करत राहिला. तिन्ही भाषांत डाळ गोडच होती. आमच्याकडं पानात ठेचा असतो, माणूस जागा राहतो. इथं जेवण झालं की डुलकीच लागते.

तलासरीकडं वळलो आणि माझी झोप उडाली. रस्त्याच्या कडेनं टेकड्याच टेकड्या, आणि प्रत्येकीवर कमरेएवढं गवत पिकून लालसर झालेलं, वाऱ्यानं एका अंगाला कललेलं. दिसायला सुंदर, नाही म्हणत नाही. पण माझा जीव कळवळला. गवत फुलोऱ्यात कापायचं असतं, तेव्हा त्यात कस असतो. पिकून काड्या झाल्या की उरतो चोथा. हे मी हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेल.

"हे कापत का नाहीत?"

"दिवाळीतली वाघबारस झाल्याशिवाय डोंगराला विळा लावत नाहीत इथं. जनावरंपण सोडत नाहीत. जूनमध्ये मलाही विचारायला आले होते, डोंगराच्या राखणीत येता का म्हणून. मी म्हटलं, माझ्याकडे नेपियर आहे!" असं म्हणून शिरीष हसला.

"अडाणी लेकाचे," मी म्हणालो आणि मीही हसलो. हे हसू लक्षात ठेवा.

सोमवार

'टाप्स अँड टर्फ'चं वर्णन करायला मला लाज वाटते, पण करतो. एक तुकडा चरायला, बाकीचे राखून ठेवायला, म्हणून आठ एकरांचे बारा तुकडे पाडून त्यांना विजेच्या तारा लावलेल्या, आणि प्रत्येकावर पाटी, 'पॅडॉक वन', 'पॅडॉक टू'. त्या बारा पॅडॉकांत मिळून घोडी एक. जेवणाच्या हॉलच्या भिंतीवर मुंबईच्या कुणा बाईनं वारली चित्रं काढलेली, त्यात डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या बायकांची लांबलचक रांग. खऱ्या गवत कापणाऱ्या बाईला त्या हॉलात पाय ठेवायची मुभा नाही. ती मागच्या दारानं येते आणि तिथूनच परत जाते.

नेपियर मात्र काय वाढला होता! दोन पुरुष उंच, पानं हाताएवढी रुंद. माझी छाती फुगली. तबेल्यात गेलो तर ती आणखी फुगली, कारण गव्हाणीच्या वरच माझी पत्रिका लॅमिनेट करून टांगलेली. 'संकरित नेपियर : सर्व जनावरांसाठी वरदान.' खाली नेपियरच्या पेंढीसोबत वीस वर्षांपूर्वीचा माझा फोटो, काळ्याभोर मिशांसकट. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग घोडीकडं बघितलं. डोळ्यांखाली नाकाडाच्या दोन्ही बाजूंना गोटा आल्यासारखी सूज. मागचा उजवा पाय टेकत नव्हती, मग थोड्या वेळानं डावा टेकेना. एका पायाचं दुखणं मला कळलं असतं, हे फिरतं दुखणं काही कळेना. तिच्यापुढं नेपियर तसाच पडला होता. ती गव्हाणीच्या कोपऱ्यात तोंड घालून दुसरंच काहीतरी चघळत होती. बघतो तर डोंगरातलं जुनं वाळकं गवत, काड्या नुसत्या.

"हा कचरा कुणी टाकला?"

दारात एक म्हातारी बाई विळा घेऊन उभी होती. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, अंगानं सुतळीसारखी बारीक. बुधीबाय तिचं नाव. शेजारच्या पाड्यावरची, नेपियर कापायला येते. तिनं मला नीट न्याहाळलं, मग माझ्या मागच्या भिंतीकडं बघितलं, पुन्हा मला.

"मी टाकला," ती म्हणाली. "ती हाच खाते ना."

"मावशी, ह्यात काही कस नाही. काड्यांनी पोट भरतं, अंगाला लागत नाही. आजारी जनावराला असलं घालतात का?"

"तू घोड्याचा डॉक्टर आहेस?"

आमच्याकडं तालुक्याच्या सभापतीनंही मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. नंतर कळलं की ही माणसं कलेक्टरलाही 'तू'च म्हणतात, देवालाही. तेव्हा मात्र मला झोंबलं. मी ते गवत दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर उकिरड्यावर नेऊन टाकलं. चांदणीनं मान लांब करून त्या गवताकडं बघितलं. बुधीबायनं ते बघितलं.

मंगळवार

सकाळी घोडी उठेना. उठवली तर पुढचे पाय थरथरायला लागले. शिरीष फोनवर ओपनिंगच्या फुग्यांचे रंग ठरवत होता. मी गपचूप पुण्याच्या माझ्या वर्गमित्राला फोन लावला. तो घोड्यांचा डॉक्टर, आयुष्य त्यात गेलेलं. सूज, फिरती लंगड, सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "खाते काय?"

"नेपियर. दहा महिने."

तो ओरडला, "घोड्याला नेपियर? कुठल्या गाढवानं सांगितलं?"

"आहे एक," मी म्हणालो.

मग त्यानं मला शाळकरी पोराला शिकवावं तसं शिकवलं. नेपियरात एक आम्ल असतं, ते चाऱ्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, धरून ठेवतं. गाई-म्हशींच्या पोटात ते मोडून जातं, म्हणून त्यांना चालतं. घोड्याच्या पोटात मोडत नाही. मग घोड्याचं शरीर आपल्याच हाडांतला चुना ओढून घेतं. हाडं पोकळ होतात, नाकाड सुजतं, पाय दुखतात. वेळीच चारा बदलला आणि चुना दिला तर जनावर उभं राहतं, नाहीतर नाही. "भाताचा पेंढाही घालू नकोस," तो म्हणाला, "तोही तसलाच. साधं डोंगरी गवत घाल. वाळकं. काड्यांचं."

काड्यांचं! मी फोन खिशात ठेवून सरळ उकिरड्यावर गेलो. कालच्या गवतावर शेण पडून ते वाया गेलं होतं. चौतीस वर्षं गाई-म्हशी डोळ्यांसमोर ठेवून 'सर्व जनावरं' लिहीत आलो आणि मध्ये घोडा नावाचं एक जनावर असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उंटावरचा शहाणा म्हणतात तो असा, फक्त मी कधी उंटावरही बसलेलो नाही.

आता इथं एखाद्या सरळ माणसानं मेहुण्याला जाऊन सांगितलं असतं, "बाबा रे, चूक माझी." मी काय सांगितलं? म्हणालो, "शिरीष, ह्या दमट हवेत हिला नेपियर सोसत नाही. आपण चारा बदलू." दमट हवा! चूक माझी आणि दोष अरबी समुद्राला. शिरीष म्हणाला, "बदला, पण डॉक्टर शुक्रवारी येणारच. पाहुण्यांपुढं हे असं मी ठेवू शकत नाही."

दुपारी हायवेवरच्या गवताच्या वखारीत गेलो. मुंबईच्या तबेल्यांना गवताच्या गाठी इथूनच जातात. वखार झाडून ठेवलेली, काडी नाही. मुकादम म्हणाला, "जुना माल गणपतीतच खपला. नवा दिवाळीनंतर." चारही बाजूंनी डोंगर गवतानं भरलेले, आणि माझ्या घोडीला मूठभर गवत नाही.

शेवटी नाक मुठीत धरून बुधीबायच्या पाड्यावर गेलो. घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, पुढून नीटनेटकं. मागच्या बाजूला छप्पर उघडं पडलेलं, वासे दिसत होते. तिच्या सुनेनं सांगितलं की छपराला घालायचं म्हणून जे गवत वर्षभर बांधून ठेवलं होतं, त्यातलं ही म्हातारी रोज थोडं थोडं घोडीला नेते. आता संपलं. काल मी फेकलं ते शेवटचं.

"का नेलं?" मी बुधीबायला विचारलं.

"ती तो हिरवा चारा टाकून माझ्या डोक्यावरचा भारा ओढायची. तिला कळतं ना, काय खायचं. तिला बोलता येत नाय, एवढंच."

मी मान खाली घातली. म्हणालो, "डोंगरावरच्या चार पेंढ्या कापून द्या. आजारी जनावर आहे."

ती लहानूबाबाला घेऊन आली. सत्तरीचा म्हातारा, पाड्याच्या राखणीच्या पाळ्या त्याच्या तोंडपाठ. त्यानं शांतपणे सांगितलं. वाघबारशीच्या आधी विळा लागला तर बी खाली पडत नाही, पुढल्या वर्षी डोंगर बोडका होतो. आणि आत्ता गवताला कुसळं आहेत, ती जनावराच्या गालफडात घुसतात. दोन दिवसांत गळतील. डोंगराचे तीन भाग केलेत, दर वर्षी एक भाग तर पूर्णच सोडून देतात, कापतच नाहीत. "आणि ज्यानं राखण केली, गवत त्याचं. तुमच्या शेटनं नाय केली."

मी ऐकत होतो आणि माझे कान तापत होते. शिरीषनं बारा पाट्या आणि विजेच्या तारा लावून जे केलंय म्हणतो, ते हे लोक पाटीशिवाय करत होते. आणि मी रविवारी गाडीत बसून त्यांना अडाणी म्हटलं होतं.

"अजून पाळी शिल्लक आहे का कुणाची?" मी विचारलं.

लहानूबाबा हसला. त्याला वरचे दोनच दात होते, पण त्या दोन दातांत जेवढी कुचेष्टा मावेल तेवढी मावली होती. "उद्याची आहे. तू करशील?"

बुधवार

केली. सकाळी सातला काठी घेऊन डोंगरावर. शिरीषनं हे बघून आपल्या टोपीखालून डोळे मोठे केले. "दाजी, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोक तुझ्या बुटांबद्दल म्हणतात त्याहून जास्त काय म्हणणार.

राखण म्हणजे सावलीत बसून बिडी ओढणं, अशी माझी समजूत होती. कशाचं काय! इथली गुरं आमच्या खिलारी बैलांच्या निम्म्यानं, पण लबाडी दुप्पट. एक काळा गोऱ्हा तर माझ्यासाठीच जन्माला आला असावा. मी ह्या टोकाला गेलो की तो त्या टोकाला चढायचा. तिसऱ्यांदा त्याच्यामागं पळालो आणि चरात उताणा पडलो. धोतर फाटलं, मोजे कुसळांनी भरले, आणि दगडावर बसलेली बुधीबाय पोट धरून हसत सुटली. तिची पाळी नव्हती. मला बघायलाच आली होती, हे तिनं लपवलंही नाही.

"गाईचा डॉक्टर, आणि गाय ऐकत नाय!"

कुसळं काढायला एक तास गेला. टोकदार, मागं सुईसारखी दांडी, ओलावा लागला की आपोआप पिळवटत आत शिरतात. ती मऊ तोंडात गेली तर काय होईल हे मला माझ्या घोट्यांनी समजावलं. मी चौतीस वर्षं फुलोऱ्यात कापा म्हणून सांगत फिरलो. ते माझ्या पेरलेल्या वैरणीला खरं होतं, ह्या डोंगराला नाही. पण पत्रिकेत सगळं एकाच ओळीत बसवायचं असतं ना!

दुपारी बुधीबायनं फडकं सोडलं. तांदळाची जाड भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. मी आपल्या ठेच्याच्या घमेंडीत मोठा घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. पाच दिवसांतलं जेवण म्हणावं असं जेवण ते एकच. जेवता जेवता तिनं गवतं दाखवली. हे पावसात कोवळं असताना बैल खातो, हे छपराला, हे गाभण म्हशीला नाही घालायचं, आणि हे, घोडी खाते ते. मला त्या सगळ्यांची शास्त्रीय नावं येत होती. कुठलं कुणाला घालायचं ते तिला येत होतं.

सांगावं असं तेव्हा फार वाटलं, की मावशी, तो नेपियर मीच सांगितला होता. ओठावर आलं होतं. पण तो गोऱ्हा पुन्हा चढला, आणि मला पळायला निमित्त मिळालं.

गुरुवार

त्या दिवशी आमच्याकडं वसुबारस. गाय-वासराला ओवाळायचं, गवारीची भाजी आणि बाजरीची भाकरी खायची. इथं त्याच दिवशी पूजा वाघाची. आधी मला हसू आलं. गाय सोडून तिला खाणाऱ्याची पूजा! पण विचार केला तर आमची पूजा जरा लबाडीचीच आहे. गाईला ओवाळून आम्हाला दूध हवं असतं. हे वाघाला फक्त सांगतात, आमची गुरं सोड, तुझा मान तुला दिला. व्यवहार सरळ आहे.

डोंगराच्या पायथ्याला शेंदूर फासलेला वाघदेव, बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले. घरोघरचे तांदूळ गोळा करून तिथंच भात शिजला, नारळ फुटले, कोंबडं कापलं. मग एकाला वाघ करून पळवायचं आणि बाकीच्यांनी मागं लागायचं. लहानूबाबानं पंचायत न बसवता निकाल दिला. "नवा राखणदार वाघ." बासष्टाव्या वर्षी मी कमरेला गवताची शेपटी बांधून पाड्याभोवती पळालो. मागं सगळा पाडा आरडाओरडा करत. पुढं कुंपणाच्या आत शिरीष टोपी घालून उभा. मी त्याच्याकडं बघितलं नाही, त्यानंही मला ओळख दिली नाही.

सूर्य डोक्यावर आल्यावर लहानूबाबानं पहिला विळा घातला. मी गवताची एक काडी हातात घेऊन हलवली. कुसळं आपोआप खाली गळली, बी मातीत पडलं. त्याच्या हिशेबात दोन दिवसांची चूक नव्हती. मला भारा बांधता येईना, बुधीबायनं बांधून दिला, आणि तो डोक्यावर घेऊन मी मागच्या दारानं तबेल्यात गेलो.

चांदणीनं भारा सोडायचीही वाट बघितली नाही. डोक्यावरूनच ओढला.

शुक्रवार

डॉक्टर मुंबईहून आला. बहुतेक कुत्र्यामांजरांचा असावा, घोडीच्या मागून जायला भीत होता. हातात काळी बॅग, आणि तिच्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. शिरीष तोंड पाडून उभा. त्याचाही जीव होता तिच्यावर, हे मी कबूल करतो. बुधीबाय कोपऱ्यात गव्हाण झाडत होती.

डॉक्टरनं गव्हाणीत बघितलं. "चारा उत्तम आहे. छान वाळकं गवत. म्हणजे खाण्यातून काही नाही. मग कारण काही सापडत नाही, मिस्टर शिरीष. जनावराचे हाल कशाला करायचे?" आणि त्यानं बॅगेची चेन ओढली.

आता बघा. मी दोन दिवस राबून जे गवत आणलं, त्याच गवतानं तिचं मरण पक्कं केलं. मी गप्प राहिलो असतो तर माझं कुणाला काही कळलं नसतं. दमट हवा होतीच माझ्या मदतीला. खरं सांगतो, तो एक क्षण मी गप्प राहिलो. चेन अर्धी उघडली तोवर राहिलो.

"थांबा," मी म्हणालो. "हे गवत कालपासून आहे. त्याआधी दहा महिने नेपियर. हवेचं वगैरे मी खोटं सांगितलं. नेपियर मीच लावायला सांगितला होता. घोड्याला तो चालत नाही हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं कुणाला."

शिरीष माझ्याकडं बघत राहिला. "पण दाजी, तुमच्या पत्रिकेत छापलंय ना, सर्व जनावरांसाठी?"

"छापणाराही मीच."

मी पुण्याच्या मित्राला फोन लावून डॉक्टरच्या हातात दिला. पाच मिनिटं तो नुसता "हो सर, हो सर" करत होता. मग बॅग बंद झाली. रक्त घेतलं, चुन्याची पावडर लिहून दिली. सहा महिने लागतील, नाकाड आहे तसंच राहील, धावायची नाही फारशी, पण जगेल. शिरीष बाहेर गेला. थोड्या वेळानं नेपियरवर कोयता चालल्याचा आवाज आला. ओपनिंग त्यानं केलंच, पण दाराशी घोडी उभी होती, सुजलेल्या नाकासकट.

मी निघायच्या आधी तबेल्यात गेलो. बुधीबाय होतीच. म्हणालो, "मावशी, तुमच्या छपराचं गवत मी उकिरड्यावर टाकलं. आणि तो हिरवा चाराही माझाच होता. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"आज ऐकलंत म्हणून."

"नाय. सोमवारपासून." तिनं विळ्याच्या टोकानं भिंतीवरच्या पत्रिकेकडं दाखवलं. "मला वाचता येत नाय. पण तोंड तुझंच आहे ना? मिशा काळ्या, एवढाच फरक. म्हटलं, बघू, किती दिवसांनी सांगतो."

मी ती पत्रिका काढायला हात वर केला, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे. पुढला सायब आला की त्याला दाखवीन."